संकटात विश्वासाचा काय उपयोग? पुण्यात मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी चर्चचा पाळक नाही, सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या कॉलेजात) वगैरे शिकलेलो नाही, नोकरी करणारा साधा मराठी ख्रिस्ती माणूस आहे. आमच्याकडे आठवड्यातून एक संध्याकाळ घरात प्रार्थना असते, तिथे येणारे, ऑफिसातले, सोसायटीतले, कधी कधी लांबचे नातेवाईकसुद्धा फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. दर वेळी फोनवर अर्धा अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदा लिहून टाकू म्हटलं. ज्याला जो प्रश्न लागू पडतो तेवढाच वाचा.

विश्वास ठेवला की अडचणी कमी होतात का?

नाही. कोणी हो म्हणत असेल तर तो तुम्हाला काहीतरी विकतोय असं समजा. येशूने शिष्यांना शेवटच्या रात्री स्पष्ट सांगितलं होतं की जगात तुम्हाला क्लेश होणार आहेत, बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, १६ व्या अध्यायात आहे ते. आणि झालेच.

मग उपयोग काय?

बघण्याची जागा बदलते. अडचण आली की आपल्याला ती देवाने पाठवलेलं बिल वाटते, मागे कधीतरी काहीतरी केलंय त्याची वसुली आता चाललीये असं. मग माणूस आठवत बसतो, कुठे चुकलं, कोणाचा तळतळाट लागला, कुठला नवस फेडायचा राहिला. ख्रिस्ती विश्वास हा हिशोबच मोडतो. जे काही देणं होतं ते वधस्तंभावर फिटलं हे आमच्या विश्वासाचं मूळ आहे, आणि हे एकदा डोक्यातून मनात उतरलं की नोकरी गेली, रिपोर्ट वाईट आला, लग्न मोडलं तर दुःख दुःखच राहतं पण त्याच्या डोक्यावर अजून एक ओझं बसत नाही, की देव माझ्यावर उखडलाय. आजारी असताना दुखण्यापेक्षा 'मलाच का' या विचारानेच जास्त झोप उडते, ज्यांनी भोगलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट, देव वर बसून नुसतं बघतोय असं आम्ही मानत नाही. तो खाली आला, सुताराच्या घरात वाढला, मित्रांनी दगा दिला, खोटा खटला चालला, सगळ्यांसमोर उघडं करून मारलं. म्हणजे दुखतं म्हणजे काय हे त्याला ऐकून माहीत नाहीये. मला स्वतःला यानेच सगळ्यात जास्त धीर येतो, बाकीचं तत्त्वज्ञान नंतर.

माझ्याच वाट्याला का? मी असं काय पाप केलंय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आणि गंमत म्हणजे विचारणारा बहुतेक वेळा सरळ माणूस असतो, ज्यांनी खरंच लोकांना लुबाडलंय ते असलं काही विचारायला येत नाहीत.

योहानाच्या ९ व्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस आहे. शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? प्रश्न आपल्याच आळीतला वाटतो ना. येशू म्हणतो, ह्याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. लूकच्या शुभवर्तमानात १३ व्या अध्यायात अजून एक प्रसंग आहे, शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं दगावली होती, म्हणजे आजच्या भाषेत इमारत कोसळल्याची बातमी. येशू विचारतो, हे १८ जण यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच उत्तर देतो, मुळीच नाही. लगेच पुढे ऐकणाऱ्यांनाच म्हणतो की तुम्ही आपापलं मन फिरवा. मेलेल्यांची चौकशी बंद, जिवंत असलेल्यांनी स्वतःकडे बघायचं.

आता कोणी म्हणेल की आपल्या कर्माचा काहीच संबंध नाही का. आहे, का नाही. रोज दारू प्यायली तर लिव्हर जाणार, हेल्मेट न घालता गाडी उडवली तर डोकं फुटणार, त्याला देवाची शिक्षा म्हणायची गरज नाही, तो साधा परिणाम आहे. पण तिशीतल्या बाईला कॅन्सर झाला, किंवा बाळ पोटातच गेलं, तिथे कारण शोधायला बसणारे लोक ईयोबाच्या मित्रांच्या लाइनीतले. ईयोब म्हणजे बायबलातला तो सरळ माणूस ज्याचं सगळं एकाएकी गेलं, त्याचं पुस्तक ४२ अध्यायांचं आहे, त्यातला मोठा भाग हे मित्र त्याला पटवतायत की तुझं नक्की काहीतरी चुकलं असणार, आणि शेवटी देव कोणावर चिडतो तर त्या मित्रांवर! म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. आणि ईयोब तर सगळं पुस्तकभर देवाशी भांडत होता.

बरं, ईयोबाला 'का' याचं उत्तर मिळतं का? नाही मिळत. ३८ व्या अध्यायात देव वादळातून बोलायला लागतो आणि उलट त्यालाच प्रश्न विचारतो, पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास वगैरे. पहिल्यांदा वाचताना राग येतो, हे काय उत्तर झालं. पण ईयोब शांत होतो, कारण त्याची मूळ तक्रार अशी होती की देव समोरच येत नाही, आणि तो आला.

देवावर रागावलं तर चालतं का?

चालतं. बायबलातली स्तोत्रसंहिता, म्हणजे प्रार्थनागीतांचं पुस्तक, उघडा, १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी सरळ सरळ तक्रारी आहेत. १३ वं स्तोत्र 'किती वेळ' पासूनच सुरू होतं, परमेश्वरा, मला विसरलास काय, कायमचाच विसरणार का. ८८ वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, बाकीच्या बऱ्याच स्तोत्रांत शेवटी तरी आशेची एखादी ओळ येते, इथे तीपण नाही. तरीही ते काढून टाकलं नाही कोणी, हजारो वर्षं लोक ते प्रार्थना म्हणून म्हणतायत.

गुड फ्रायडेला आमच्याकडे दुपारी बारा ते तीन येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांची उपासना असते, उन्हाळा, पंखे गरगरतायत, मुलं चुळबुळ करतायत, आणि चौथा उद्गार येतो, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हा २२ व्या स्तोत्रातला आहे. म्हणजे येशूने सुद्धा मरताना तक्रारीचंच स्तोत्र म्हटलं. तेव्हा तुम्ही रात्री दोन वाजता गॅलरीत उभं राहून देवाला काही बोललात तर घाबरू नका. न बोलणं जास्त वाईट. घरात पण तसंच ना, भांडणारा माणूस अजून नातं धरून असतो, ज्याने बोलणंच टाकलंय त्याचं काय ते बघायला लागतं.

'जे होतं ते चांगल्यासाठीच' हे ख्रिस्ती मत आहे का?

अर्धवट. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायातलं २८ वं वचन लोक असं वापरतात जसं काही प्रत्येक गोष्ट चांगलीच आहे. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तसं म्हणत नाही. तो म्हणतो देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याण होतं. मिळून. म्हणजे वाईट ते वाईटच, पण देवाच्या हातून तेही वाया जात नाही. योसेफाला भावांनी विकलं, तो मिसर देशात तुरुंगात पडला, पुढे दुष्काळात त्याच भावांना धान्य त्यानेच दिलं, आणि उत्पत्तीच्या ५० व्या अध्यायात तो त्यांना म्हणतो की तुम्ही माझं वाईटच योजलं होतं, देवाने त्यातून चांगलं योजलं. भावांनी केलं ते बरंच झालं असं तो कुठेच म्हणत नाही, हा फरक बघा.

तसंच ते यिर्मया २९:११, यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात कैद करून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेल्या पत्रातलं. व्हॉट्सअपवर सूर्योदयाच्या फोटोवर रोज येतं, तुमच्यासाठी माझ्या मनात हिताचे विचार आहेत, वाईटाचे नाहीत. वचन सुंदरच आहे, पण त्याच्या आधीचं १० वं वचन कोणी फॉरवर्ड करत नाही, त्यात लिहिलंय की बाबेलात ७० वर्षं पूर्ण झाल्यावर. म्हणजे ते पत्र ज्यांना पहिल्यांदा वाचून दाखवलं त्यातले बरेचसे लोक परत घरी जाणारच नव्हते, तिथेच मरणार होते. आणि त्यांना देव सांगतो काय, तर घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेऊन टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. गावाकडची जमीन सुटून इथे वन बीएचकेत आलेल्या, 'इथे काही आपलं खरं नाही' म्हणत वीस वर्षं काढणाऱ्या माणसाला मी हे पत्र मुद्दाम वाचायला सांगतो.

बायबलातली माणसं लांबची वाटतात, आपल्या इकडचं कोणी सांगा ना?

पंडिता रमाबाई. शाळेत आपण त्यांच्यावर एक परिच्छेद शिकतो, समाजसुधारक, विधवांसाठी शारदा सदन, संपलं. पण त्यांच्या आयुष्यात काय काय झालं ते ओळीने बघा. १८५८ चा जन्म, वडील मोठे संस्कृत पंडित, कुटुंब तीर्थयात्रा करत पुराण सांगत हिंडायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, बहीण गेली, उपासमारीने. भाऊ आणि त्या दोघंच देशभर पायी हिंडले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात लहानगी मुलगी मनोरमा. म्हणजे पंचविशीच्या आत सगळं घर रिकामं. मग पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे बाप्तिस्मा घेतला, त्यावरून इथे केवढा गदारोळ झाला.

मला त्यांच्यातलं काय आवडतं, तर त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो काही वर्षांनी मिळाला. एवढी विद्वान बाई हे सरळ कबूल करते. शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या, आणि पुणे-दौंड लाइनीवर केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, ते आजही आहे. आता विचार करा, त्या मुलींची अवस्था त्यांना का कळली? स्वतः दुष्काळात पोट जाळलेलं होतं म्हणून. त्यांचे आईवडील का गेले याचं उत्तर देवाने त्यांना कधी दिलं असं मला कुठे दिसलं नाही. पण ते दुःख नुसतं पडून राहिलं नाही, त्याच्यातून दुसऱ्याची भूक ओळखायचे डोळे आले. पौल दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या सुरुवातीलाच म्हणतो की आम्हाला देवाकडून जे सांत्वन मिळालं त्यानेच आम्ही दुसऱ्यांचं सांत्वन करतो, ते हेच.

आणि शेवट गोड झाला असं समजू नका. सगळं काम जिच्या हाती सोपवायचं ती मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मधल्या त्या काही महिन्यांतही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही.

लेऑफ झालाय, ईएमआय डोक्यावर आहे, अशा वेळी बायबल काय कामाचं?

आधी बायबल बाजूला ठेवा आणि घरी सांगा. खरंच सांगतो. हिंजवडी-खराडीची नोकरी गेली की पहिलं काम लोक काय करतात तर लपवतात, रोज डबा घेऊन बाहेर पडतात आणि कुठल्यातरी कॅफेत लॅपटॉप उघडून बसतात. मग बँकेशी बोला, हप्ता पुढे ढकलता येतोय का, मुदत वाढवून मिळतेय का विचारा, फोन घ्यायचे टाळू नका. कुठल्या अ‍ॅपवरून झटपट कर्ज तर बिलकुल नको.

आता विश्वासाचं. आपण पगार म्हणजेच आपण असं मानून चालतो, व्हिजिटिंग कार्ड गेलं की माणूस स्वतःलाच ओळखू येईनासा होतो. तिथे देव तुम्हाला तुमच्या डेझिग्नेशनने हाक मारत नाही हे आठवणं उपयोगी पडतं, ऐकायला बाळबोध वाटेल पण रात्री उपयोगी पडतं. पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र वाचा, चारच अध्याय, आणि ते तुरुंगातून लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचा. त्यात तो म्हणतो की भरपूर असताना कसं राहायचं आणि टंचाईत कसं राहायचं, दोन्ही मी शिकलोय. शिकलोय म्हणतो, जन्मजात होतं असं म्हणत नाही. आणि लगेच पुढे त्यांनी पैसे पाठवले म्हणून आभारही मानतो! म्हणजे मदत घेणं कमीपणा नाही.

मत्तयच्या ६ व्या अध्यायातलं 'ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे' हे वचन मी अशा लोकांना फ्रिजवर लावायला सांगतो. त्यात दुःख नाहीच असं म्हटलेलं नाहीये, रोजचं रोज आहेच, फक्त पुढच्या मार्चचं टेन्शन आज घेऊ नका एवढंच.

एमपीएससीत तिसऱ्यांदा नापास झालो, देवाची इच्छा नाही असं समजू का?

निकालावरून देवाची इच्छा वाचत बसू नका. पेपर बघा, वय बघा, घरचे किती दिवस पैसे पाठवू शकतात ते बघा, ज्यांना तुमचं भलं हवंय अशा एकदोघांना विचारा आणि ठरवा. सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवरच्या खोलीतही देव आहे आणि गावाकडच्या दुकानातही आहे.

डिप्रेशनच्या गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी असणं का?

अजिबात नाही, आणि असं कोणी व्यासपीठावरून म्हणत असेल तर त्या माणसाचं ऐकू नका, पदवी कितीही मोठी असो. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, पौल कलस्सैकरांस पत्रात त्याला प्रिय वैद्य म्हणतो. त्याच पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं, नुसती प्रार्थना कर असं नाही.

एलीयाची गोष्ट पहिल्या राजे पुस्तकात १९ व्या अध्यायात आहे. एवढा मोठा संदेष्टा, आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला, आणि लगेच हा रानात पळून जाऊन एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, परमेश्वरा, पुरे झालं, माझा प्राण घे. देव काय करतो? प्रवचन देत नाही. विश्वास कुठे गेला विचारत नाही. त्याला झोपू देतो. मग देवदूत उठवून गरम भाकर आणि पाणी देतो. परत झोपू देतो. परत खायला देतो, आणि म्हणतो की वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. बोलणं नंतर, डोंगरावर गेल्यावर. आपल्याकडे उलटं चालतं, खचलेल्या माणसाला आधी आपण अर्धा तास वचनं ऐकवतो आणि जेवलास का हे जाताना दारात विचारतो.

तेव्हा डॉक्टरकडे जा, काउन्सेलरकडे जा, प्रार्थनापण करा, तिन्ही चालतं. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. रविवारपर्यंत थांबू नका.

आरोग्यसभेत जाऊन आजार बरा होतो म्हणतात, जाऊ का?

प्रार्थनेने देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे, याकोबाच्या पत्रात ५ व्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे आणि आमच्याकडे ते करतातही, गाजावाजा न करता, घरी जाऊन. पण स्टेजवर चष्मा काढून फेकायला लावणं, इन्सुलिन बंद करायला सांगणं, आधी अर्पण दे मग चमत्कार, हे वेगळं प्रकरण आहे. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी कितीतरी वर्षं घासली आणि २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला, त्यानंतर कुठे तो आला. तो कायदा कुठल्या एका धर्मासाठी नाही, आमच्यातल्या भोंदूंनाही लागू आहे आणि तसाच असायला हवा.

आणि बरं झालं नाही तर? तर 'तुमचा विश्वास कमी पडला' हे वाक्य ऐकून घेऊ नका. पौलाला कसलातरी त्रास होता, तो त्याला शरीरातला काटा म्हणतो, तीनदा विनंती केली की काढ म्हणून. उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' काटा राहिला. पौलाचा विश्वास कमी होता का?

किती प्रार्थना केली, काही होत नाही. थांबू का?

थांबावंसं वाटलं तर थोडे दिवस थांबा, दुसऱ्यांना तुमच्यासाठी करू द्या. मार्कच्या २ ऱ्या अध्यायात एका पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं जण उचलून आणतात, घराचं छप्पर उघडून खाली सोडतात, आणि येशू त्या चौघांचा विश्वास बघतो. खाटेवरचा बिचारा एक शब्द बोलत नाही.

बाकी उत्तर न मिळण्याबद्दल मला फार काही सांगता येणार नाही. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूनेही हा (दुःखाचा) प्याला माझ्यापासून दूर कर म्हणून प्रार्थना केली होती, प्याला काही टळला नाही.

ज्यांच्या घरी कोणी गेलंय त्यांना भेटायला जाऊन काय बोलायचं?

कमी बोला. ईयोबाच्या मित्रांनी एकच गोष्ट बरोबर केली, पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले. तोंड उघडलं आणि घाण झाली. येशूचा मित्र लाजर गेला तेव्हा त्याला आपण उठवणार हे येशूला माहीत होतं, तरीही कबरेकडे जाताना 'येशू रडला' असं वचन आहे, योहान ११:३५. आपल्याला तर पुढचं काहीच माहीत नसतं, मग आपण कशाला एवढे ज्ञान द्यायला जातो? देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, तुम्हाला अजून एक मूल आहे ना, वय झालंच होतं, ही तीन वाक्यं पुण्यातल्या प्रत्येक शोकाच्या घरी ऐकली मी आणि एकदाही कोणाला बरं वाटलेलं बघितलं नाही. डबा न्या, पाहुण्यांच्या चपलांचा ढीग नीट करा, मृत्यूच्या दाखल्यासाठी महापालिकेच्या ऑफिसला चकरा असतात त्या मारा. आणि महिन्याने परत जा, तेव्हा कोणी येत नसतं.

नवरा मारतो. सासूबाई म्हणतात आपापला क्रूस उचलायचा असतो. काय करू?

हा क्रूस नाही, हा गुन्हा आहे. येशूने जो क्रूस उचलायला सांगितला तो त्याच्यामागे चालताना येणारा, नवऱ्याच्या हातचा मार खायला त्याने कुठेही सांगितलेलं नाही. लगेच धोका असेल तर ११२ ला फोन करा, नाहीतर माहेरी, मैत्रिणीकडे, जिथे सेफ वाटेल तिथे जा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तुमच्यासाठीच आहे. क्षमा करणं म्हणजे परत त्याच घरात जाऊन राहणं नव्हे. तुमच्या पाळकांनी सहन करा म्हणून सांगितलं तर दुसऱ्या पाळकांशी बोला, त्यांच्या बायकोशी बोललात तर अजून चांगलं.

मी हिंदू आहे, येशूचं वाचावंसं वाटतं. धर्म बदलायला लागेल का?

वाचायला काहीच लागत नाही. बाप्तिस्मा हा फार पुढचा आणि पूर्ण तुमच्या मनाचा प्रश्न आहे, कोणी घाई करत असेल, पैशाचं किंवा नोकरीचं काही बोलत असेल तर तिथून निघा. कवी ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ते बिलकुल पटलं नव्हतं, दोघं काही वर्षं वेगळी राहिली, नंतर त्या त्यांच्या मनाने आल्या. टिळकांची भजनं आम्ही अजून गातो, चाल अभंगाची, टाळ-पेटी सगळं आपलंच. पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा आमच्यातले कितीतरी लोक दर्शन नाही तरी वारकऱ्यांना पाणी, बिस्किटं द्यायला रस्त्यावर उभे असतात, त्यात कोणाला काही अवघड वाटत नाही.

एवढंच आहे की घरच्यांपासून लपवून काही करू नका, त्याने घरात जो संशय शिरतो तो निघता निघत नाही.

वाचायला सुरुवात कुठून करू?

मार्कचं शुभवर्तमान. १६ अध्याय, दोन-तीन संध्याकाळीत होतो. उत्पत्तीपासून सुरू करणारे बहुतेक नियमांनी भरलेल्या लेवीय पुस्तकापर्यंत येऊन बसतात. मार्क झाल्यावर रोज एक स्तोत्र, मोठ्याने वाचा, आणि एखादं आपलंच दुखणं त्यात सापडलं तर पेन्सिलने तारीख घालून ठेवा. भाषा जुनी वाटली तर सोप्या मराठीतलं भाषांतरही मिळतं, फोनवर फुकट अ‍ॅप आहेत. विश्वास नाही आणि तरी वाचायचंय, चालेल का असंही विचारतात. मार्कच्याच ९ व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एका वाक्यात दोन्ही. येशू त्याला परत पाठवत नाही.

पुण्यात कुठे जाऊ? बाहेरच्या माणसाला आत घेतात का?

घेतात. मराठी उपासना बऱ्याच ठिकाणी असते, जाण्याआधी वेळ तेवढी विचारून घ्या कारण इंग्रजीची वेगळी आणि मराठीची वेगळी असते. क्वार्टर गेटचं कॅथलिक सिटी चर्च १७९२ चं, पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचं. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं होली नेम चर्च १८८५ चं, लांबूनच त्याचा मनोरा दिसतो. पंचहौद म्हटलं की पुणेकराला चहाच आठवणार, १८९० मध्ये लोकमान्य टिळक, रानडे वगैरे मंडळी तिथल्या मिशनऱ्यांकडे चहाला गेली आणि त्यावरून शहरात एवढी बोंबाबोंब झाली की ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) होऊन प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. आता चहावरून कोणी विचारत नाही, उपासनेनंतर बऱ्याच मंडळ्यांत मिळतो, घेऊन जा.

मागच्या बाकावर बसा, गाणी येत नसली तर नुसतं उभं राहा. प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) वेळी बाप्तिस्मा झालेले लोक पुढे जातात, तुम्ही जागेवर बसलात तर कोणी वळून बघणार नाही. अर्पणाची थैली आली की पुढे सरकवली तरी चालतं. पहिल्याच दिवशी कोणी तुमचा नंबर मागितला आणि द्यायचा नसेल तर नाही म्हणा, पुण्यात नाही म्हणायची कोणाला चोरी नाही. आणि गाडी आणणार असाल तर पेठेत पार्किंगचं तुम्हाला माहितीच आहे, बसने या.